‘सगळं करतो’ म्हणू नका: बौद्धिक आणि अध्ययनातल्या अडचणी दिव्यांग अर्जात कशा मांडायच्या

“स्वतः आंघोळ करतो का?” दिव्यांग दाखल्याच्या तपासणीत सायकॉलॉजिस्ट विचारतात. आई पटकन म्हणते, “हो, करतो की.” रकान्यात पूर्ण गुण पडतो आणि पुढचा प्रश्न येतो. घरी काय चालतं ते कागदावर येतच नाही. बादलीत पाणी आईने काढलेलं असतं, गार-गरम तिनेच हात घालून बघितलेलं असतं, दार नुसतं लोटलेलं असतं आणि बाहेरून “आता पाय घास, आता साबण धू” चालू असतं. तरीही कानामागचा फेस शर्टाच्या कॉलरला लागतोच. मुलगा चौदा वर्षांचा आहे.

मी नाशिकमध्ये विशेष शिक्षिका आहे. शाळा सुटली की पालकांचे अर्ज, पत्रं, फायली बघणं हा माझा दुसरा उद्योग. दाखला नाकारला गेला किंवा टक्के कमी आले, की बहुतेक घरांत एकच गोष्ट सापडते. मुलाची अडचण कमी नसते, ती सांगितलेलीच नसते. आईवडील खोटं बोलत नाहीत. वर्षानुवर्षं करून करून आपण देत असलेली मदत त्यांनाच दिसेनाशी झालेली असते. शिवाय चारचौघांत आपल्या लेकराची कमतरता बोलून दाखवायला जीभ रेटत नाही, हेही आहेच.

आधी: शब्द नेमके कुठे लागतात

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना वर्णनाला फारशी जागा नसते. नाव, आधार, पत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार, रुग्णालय, फोटो, एवढं भरलं की झालं. सेतूवाला दहा मिनिटांत भरून देतो. त्यामुळे लोकांना वाटतं, लिहायचं काहीच नाही.

लिहायचं असतं, पण ते तीन वेगळ्या ठिकाणी कामी येतं. पहिलं, तपासणीच्या दिवशी सायकॉलॉजिस्ट तुमची मुलाखत घेतात तिथे. दुसरं, केसपेपरला जोडायचं स्वतःचं एक पान असतं. हे कोणी मागत नाही, पण दिलं तर वाचलं जातं. तिसरं, दाखला मिळाल्यानंतरचे अर्ज: संजय गांधी निराधार अनुदान योजना, ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा दिव्यांग निधी, अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व. नीट तयारी एकदाच करा, तेच लिखाण सगळीकडे चालतं.

पोर्टलवर प्रकार निवडताना मात्र थांबून विचार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. आपल्या विषयाशी थेट संबंध असलेले तीन: बौद्धिक दिव्यांगत्व (जुन्या बोलण्यात मतिमंदत्व), विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितात अडणं) आणि स्वमग्नता (ऑटिझम). ‘मानसिक आजार’ हा वेगळा प्रकार आहे. तो स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांसाठी, आणि तो मोजायची पट्टीही वेगळी. ‘मति’ आणि ‘मानसिक’ ऐकायला जवळचे वाटतात म्हणून सेतूवर सर्रास चुकीचा पर्याय निवडला जातो. मग सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून आलेल्या बाईला त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये कळतं की आपण भलत्याच ओपीडीच्या रांगेत उभ्या आहोत. सबमिट करण्याआधी स्क्रीन स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

टक्के कसे ठरतात, हे माहीत असलेलं बरं

बौद्धिक दिव्यांगत्वात फक्त आयक्यू (बुद्ध्यांक) बघतात असा समज आहे. आयक्यूची चाचणी होतेच, पण टक्केवारीसाठी रोजच्या जगण्यातली कुवत मोजतात. त्यासाठी आपल्याकडे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल ही मोजपट्टी वापरतात. भारतीय रूपात तिच्यात ८९ बाबी आहेत: खाणं, कपडे, स्वतःची काळजी, बोलणं, ये-जा, लोकांत मिसळणं, कामधंदा, स्वतःचे निर्णय. या बाबींची उत्तरं बहुतांशी मुलाकडून नव्हे, पालकाकडून घेतात. म्हणजे टक्केवारीचा मोठा भाग तुमच्या तोंडून निघालेल्या वाक्यांवर उभा असतो.

हिशोब असा. उत्तरांवरून ‘सामाजिक वय’ निघतं, त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. चौदा वर्षांच्या मुलाचं सामाजिक वय आठ निघालं तर अंक येतो ५७. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ५५ ते ६९ म्हणजे सौम्य, ५० टक्के. त्याच मुलाच्या आईने चार-सहा ठिकाणी “हो, करतो” म्हटलं आणि सामाजिक वय दहा निघालं, तर अंक येतो ७१. तो ७० ते ८४ च्या सीमारेषेवरच्या गटात गेला, म्हणजे २५ टक्के. बहुतेक लाभांना किमान ४० टक्के लागतात. मूल तेच, घर तेच, आणि हातात काही नाही. (खालच्या बाजूला ३६ ते ५४ ला ७५ टक्के, २१ ते ३५ ला ९० आणि त्याखाली १००.)

यावरून कुणी “मग सगळ्याला नाहीच म्हणायचं” असा अर्थ काढू नये. आयक्यू एक सांगतोय आणि आई भलतंच सांगतेय, हे तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. मूल समोरच बसलेलं असतं. ‘काहीच येत नाही’ म्हटलेल्या मुलाने टेबलावरचा पेन उचलून स्वतःचं नाव लिहिलं, की बाकीच्या खऱ्या उत्तरांवरही शंका येते.

दोन आठवड्यांची वही

तपासणीच्या आधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. आठवून लिहू नका, घडेल तसं लिहा. रात्री पाच मिनिटं पुरतात. वहीत तीनच गोष्टी हव्यात: काय करायचं होतं, मी काय मदत केली, मदत नसती तर काय झालं असतं. यातली मधली गोष्ट सगळ्यात अवघड, कारण हाताला सवय झालेली असते. म्हणून एखाद्या दिवशी मुद्दाम मदत थांबवून बघा. अर्थात गॅस, रस्ता, औषध यांच्याशी हा प्रयोग नको.

कपडे घालताना शर्ट सुलटा करून हातात कोण देतं? बटणं वरखाली लागतात का? पावसाळ्यात स्वेटर मागतो की सांगावं लागतं? मासिक पाळी येणारी मुलगी असेल तर पॅड कधी बदलायचं हे तिला कळतं, की आई घड्याळ बघून बदलते? हा प्रश्न फार कमी आया स्वतःहून मांडतात, आणि खरं तर काळजी घ्यायला किती माणूसबळ लागतं हे यातूनच सगळ्यात स्पष्ट कळतं. वडील मुलाखतीला बसणार असतील तर आईने हे कागदावर लिहून द्यावं.

पैशांचं नीट बघा. ‘पैसे मोजता येतात’ हे वाक्य फसवं आहे. पन्नासची नोट ओळखतो, दुकानातून दुधाची पिशवी आणतो, पण किती परत आले ते बघत नाही. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून निभावतं. अनोळखी दुकानात दहाच्या वस्तूला शंभराची नोट देऊन निघून येईल का? आता तर फोनवरून पैसे जातात. मोठ्या मुलांच्या बाबतीत ओटीपी हा प्रश्न हमखास लिहा. फोनवर कोणी गोड बोलून आकडा विचारला तर सांगेल का? सांगितला होता का? झालेली घटना असेल तर तारीख घालून लिहा.

रस्ता. सातपूरचा मुलगा रोज सिटीलिंकने निमाणीला जातो, असं घरचे अभिमानाने सांगतात. खोदून विचारलं तर कळतं, बसमध्ये वडील बसवून देतात, कंडक्टरला सांगून ठेवलेलं असतं आणि निमाणीला शाळेची मावशी उभी असते. बस बदलली, थांबा पुढे गेला, तर हा खाली उतरणारच नाही. व्हाइनलँडमध्ये ‘गावात मोकळेपणाने एकटा फिरतो’ अशी एक बाब आहे. या मुलाच्या बाबतीत तिचं खरं उत्तर ‘नाही’ आहे. रामकुंडावर गर्दीत हात सुटला तर नाव-पत्ता सांगेल का, फोन नंबर पाठ आहे का, की रडत एका जागी उभा राहील? हेही टिपा.

खेडेगावातल्या घरांत कामावरून गोंधळ होतो. “कांद्याच्या चाळीत बसतो, द्राक्षबागेत येतो, सगळी कामं करतो.” बरं, पण कांदे निवडताना मोठे-मध्यम वेगळे करतो की सगळे एकाच पाटीत टाकतो? दाखवलं की दहा मिनिटं जमतं आणि मग पुन्हा तेच? औषध फवारलेल्या बागेतून आल्यावर सांगितल्याशिवाय हात धुतो का? बाहेरचा शेतकरी त्याला पूर्ण रोज देऊन ठेवेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलं तरी बरंच काम होतं.

वेळ, लक्षात राहणं, एकामागून एक सांगितलेल्या सूचना, अनोळखी माणसाशी वागणं, चिडल्यावर काय होतं, झोप. यावर लांबलचक लिहायची गरज नाही, प्रत्येकी एखादं उदाहरण पुरे.

वाक्य कसं लिहायचं

‘मंदबुद्धी आहे’, ‘समज कमी आहे’, ‘अभ्यासात मागे’ ही वाक्यं तपासणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. तशी हजार मुलं रोज येतात. वाक्यात क्रिया हवी, किती वेळा ते हवं, मदत कोणाची ते हवं.

‘जेवण स्वतः करतो’ याऐवजी: “ताट वाढून समोर ठेवलं तर हाताने जेवतो. भाकरी मोडून द्यावी लागते. पोट भरलं हे कळत नाही, ताट उचलेपर्यंत खातो. काटे असलेला मासा देता येत नाही.”

‘लिहितावाचता येतं’ याऐवजी: “स्वतःचं नाव आणि शाळेचं नाव लिहितो. पाटीवरचं ‘सिडको’ ओळखतो, कारण रोज बघतो. तेच अक्षर दुसऱ्या शब्दात आलं तर वाचता येत नाही.”

‘घरी एकटा राहतो’ याऐवजी: “अर्धा तास टीव्हीसमोर बसतो. बेल वाजली की कोण आहे न विचारता दार उघडतो. मार्चमध्ये अनोळखी माणसाला आत घेतलं होतं.”

चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहा, आणि कोणता जास्त वेळा येतो तेही. ‘कधीकधी’ हा शब्द शक्यतो टाळा. आठवड्यातून दोनदा, महिन्यातून एकदा, असं लिहा. वहीमुळे हा आकडा आपोआप मिळतो.

जे येतं तेही एका परिच्छेदात लिहा. गाणी पाठ आहेत, भावंडांवर माया करतो, झाडांना न चुकता पाणी घालतो. त्याने अर्ज दुबळा होत नाही, उलट वाचणाऱ्याला बाकीचं खरं वाटतं. मला तर वाटतं, मुलाच्या मनासाठीही ते गरजेचं आहे. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला कधीतरी वाचता येईल, किंवा कोणी वाचून दाखवेल.

हे सगळं एका पानात, फार तर दीड पानात बसवा. वर नाव, वय, यूडीआयडीचा नोंदणी क्रमांक. खाली लिहिणाऱ्याची सही आणि नातं. हाताने लिहिलेलं चालतं. टाइप केलंच पाहिजे म्हणून झेरॉक्सवाल्याला पैसे देऊ नका. मुलाच्या शाळेतून त्याच मुद्द्यांवर बाईंचं पत्र मिळालं तर फार उपयोग होतो, कारण घर आणि शाळा स्वतंत्रपणे एकच सांगतात. नाशिकला विशेष शाळांची परंपरा जुनी आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली तेव्हापासून अशा मुलांच्या नोंदी ठेवणारी माणसं इथे आहेत. साध्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजीही चार ओळी नक्की देतात. त्यांना मात्र ‘हुशार आहे, प्रयत्न करतो’ असं गोडगोड लिहू नका म्हणून आधीच सांगा.

अध्ययन अक्षमता असेल तर

इथे गणित उलटं आहे. मूल बोलायला चुणचुणीत, मोबाइल सगळा येतो, दुकानात हिशोब तोंडी करतो, आणि कागद समोर आला की अडतो. इथे ‘स्वतःचं स्वतः करतो’ हे सांगायला हरकत नाही. दाखवायची असते ती दरी: तोंडी काय येतं आणि लिहून काय येतं. एकाच धड्याची तोंडी उत्तरं आणि त्याच दिवशीची लेखी उत्तरं, असं जोडीने ठेवा. वह्या फेकू नका. तिसरीतली, पाचवीतली, आत्ताची, प्रत्येकी एकेक वही पुरते. त्यात गाळलेले काने-मात्रे, उलटे अंक, फळ्यावरून उतरवताना तुटलेली वाक्यं दिसतात. नीटनेटकी, कोणीतरी सुधारलेली वही नेऊ नका. कच्ची न्या.

अध्ययन अक्षमता ठरवताना बाकीची कारणं आधी वगळावी लागतात. म्हणून डोळ्यांची आणि कानांची तपासणी करून कागद जोडा. शाळा कितीदा बदलली, माध्यम बदललं का, किती महिने खंड पडला, हे लपवू नका. पेठ-सुरगाण्याकडच्या घरात कोकणा बोलतात आणि शाळा मराठीत, किंवा बागेच्या कामासाठी कुटुंब निफाड-दिंडोरीला येतं आणि पोराची शाळा मधेच सुटते. असं असेल तर स्पष्ट लिहा, आणि सोबत हेही लिहा की त्याच परिस्थितीत वाढलेल्या भावंडाला वाचायला येतं. तपासणाऱ्याच्या मनातला प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

या प्रकाराचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून देतात, पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात. महिन्याच्या अनुदानापेक्षा परीक्षेतल्या सवलतींसाठी याचा जास्त उपयोग होतो: तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक. दहावीच्या परीक्षेसाठी हे हवं असेल तर नववीतच धावपळ सुरू करा. बोर्डाचे अर्ज भरायच्या वेळी कागद हातात हवा.

तपासणीच्या दिवशी

मुलाला शिकवून नेऊ नका. ‘विचारलं तर गप्प बस’ सांगितलेलं मूल हमखास तेच बोलून दाखवतं. खाऊ-पाणी, आवडतं खेळणं सोबत ठेवा, रोजची गोळी असेल तर वेळेवर द्या. मुलाला प्रश्न विचारला की उत्तर त्यालाच देऊ द्या. पालक सवयीने मधेच उत्तर पुरवतात, आणि तपासणाऱ्याला वाटतं मुलानेच दिलं.

तुम्हाला प्रश्न विचारला की हो-नाही म्हणून थांबू नका. “करतो, पण...” हे ‘पण’ तोंडात ठेवूनच आत जा. पूर्ण वाक्य ऐकायला वेळ नसेल तर लिहिलेलं पान पुढे करा. पानाची एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या, एक तुमच्या फायलीत. जुने आयक्यू रिपोर्ट, जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कागद, झटक्यांच्या उपचाराचे कागद, मेंदूचा ईईजी काढला असेल तर तो, हे तारखेच्या क्रमाने लावा. आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नाव-जन्मतारीख जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर पुढे प्रत्येक खिडकीवर तेच अडतं.

दाखला हातात आला की तिथेच वाचा: प्रकार, टक्के, तात्पुरता की कायमचा. बौद्धिक दिव्यांगत्वात पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नूतनीकरण असतं. अठराव्या वर्षी मिळतो तो आयुष्यभरासाठी.

तहसीलच्या अर्जात

संजय गांधी योजनेला ४० टक्के किंवा जास्तीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षांचा रहिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५०,००० रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं. इथे तुमच्या मुलाच्या अडचणींचं वर्णन कोणी तपासणार नाही, टक्के आणि उत्पन्न बघतात. तरी अर्जासोबत चार ओळी जोडा: हा कमावू शकत नाही, का, आणि त्याला सांभाळण्यासाठी घरातल्या कोणाला कामावर जाता येत नाही. समितीसमोर फाइल जाते तेव्हा या ओळी वाचल्या जातात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, तिथेही याच पानाची झेरॉक्स लावून अर्ज द्या आणि पोच घ्या.

रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म वेगळा असतो. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही, असं डॉक्टरांनी त्यात लिहून द्यावं लागतं. वहीतला बसचा परिच्छेद इथे दाखवा.

टक्के कमी आले तर

खिडकीवर भांडून काही होत नाही, त्या माणसाच्या हातात ते नसतं. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलाच्या अर्जात ‘अन्याय झाला’ हे एका ओळीत आटपा आणि उरलेली जागा फरकाला द्या: मुलाखतीत कोणत्या बाबीला ‘करतो’ अशी नोंद झाली आणि घरी नेमकं काय होतं. आंघोळ, पैसे, रस्ता, एकटं राहणं, या चार बाबींत वहीतल्या तारखांसकट लिहा, शाळेचं पत्र लावा. शक्य असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून व्हाइनलँड पुन्हा करून घेऊन तो रिपोर्ट जोडा. सायकॉलॉजिस्ट पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेले आहेत ना, ते बघून घ्या. नुसत्या समुपदेशकाचा रिपोर्ट तिथे टिकत नाही.

मूल अठराचं व्हायच्या आत पालकत्वाचा अर्जही डोक्यात ठेवा. अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगत्वासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. नाशिकमध्ये त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात जावं लागतं. त्या समितीलाही हेच जाणून घ्यायचं असतं की पैसे, औषधोपचार आणि सह्या यांतलं कोणतं काम हा स्वतः करू शकतो आणि कोणतं नाही. तेच पान, नवी तारीख, नवी सही.